शुक्रवारचा आकडा

मामांना "कसे आहात?" असं कुणी विचारलेलं खपत नसे. दौंडच्या बाजारात, चर्चच्या दारात, एसटी स्टँडवर कुणी सहज विचारलं की ते जागीच थांबत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "कशाच्या मानानं?" विचारणारा बिचारा गोंधळून म्हणे, "म्हणजे, बरे आहात ना?" "बरं म्हंजी किती? कालच्यापरीस बरा, का तुझ्यापरीस बरा? दोन आकडं दे, मग सांगतो." लोक हसत, आणि पुढच्या खेपेला मामा लांबून दिसले की रस्ता बदलत.

ते गेले त्या शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्या मुलाच्या फोनवर एक मेसेज गेला: "आज ठीक." तो मामांनी पाठवला नव्हता. मी लिहिलेल्या स्क्रिप्टनं पाठवला होता, आणि तो खोटा होता. मुलाला हे माहीत नव्हतं. त्याला सांगावं की नाही, यात मी एक अख्खं वर्ष घालवलं. लिहायला बसलोय ते मामांबद्दल, पण हे गिळून मला त्यांच्याबद्दल एक ओळही लिहिता येईना, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मामा माझ्या नात्यातले नव्हते. रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभा जन्म घालवून निवृत्त झालेला माणूस. मूळचे शिरूरच्या मिशन कंपाउंडातले, पण नोकरीसाठी दौंडला आले आणि क्वार्टर सोडल्यावरही दौंड सुटलं नाही. रेल्वे कॉलनीच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे. बायको वारली होती, मुलगा हैदराबादला औषधांच्या कंपनीत. खात्यात कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरीचे लोक त्यांच्यापासून चार हात लांब पळाले. मामा मात्र पन्नाशी उलटल्यावर लिनक्स ही कॉम्प्युटरची प्रणाली शिकले, तेही वही घालून. निवृत्तीनंतर रविवारची उपासना आटोपली की ते आम्हा तीनचार जणांना घरी शिकवायचे. फी नव्हती. वेळेवर यायचं आणि चपला ओळीत काढायच्या, एवढंच.

आम्ही म्हणजे रांजणगावला काँट्रॅक्टवर मशीन चालवणारे. मी इनामगावच्या बाजूचा, घरी वांगी आणि शेवंती. आठवडाभर कंपनीची बस, रविवारी दौंडला मोटारसायकल. आमच्या प्लँटमध्ये काचेच्या पलीकडं आयटीवाले बसायचे, स्वच्छ शर्ट घालून. मला काचेच्या पलीकडं जायचं होतं. दुसरं काही उदात्त कारण माझ्याकडं नव्हतं, आणि मामांनी ते विचारलंही नाही.

शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरच्या हातात दिलेली चिठ्ठी. हे कर, मग ते कर; अमुक असलं तर हे, नाहीतर ते. मामांच्या घरी त्यासाठी काळा पडदा आणि पांढरी अक्षरं होती. माऊस त्यांनी उपसून ट्रंकेत टाकला होता. पहिल्याच रविवारी त्यांनी मला सांगितलं, फोल्डरात दहापेक्षा जास्त फाइली असल्या तर "जास्त" लिहून दाखव, नाहीतर "कमी". मी शाळेत शिकलेली मोठ्या-लहानाची खूण घातली, ती आ वासलेल्या तोंडाची. चालवलं. "जास्त." फाइली होत्या चार. पुन्हा चालवलं. पुन्हा "जास्त." मामा मागं उभे राहून भाजलेल्या शेंगा खात होते.

"आता यादी काढ," ते म्हणाले.

यादीत चाराच्या पाच फाइली झाल्या होत्या. पाचवीचं नाव "१०", पोटात काही नाही. शेलला, म्हणजे ती चिठ्ठी वाचणाऱ्याला, ती खूण तुलनेची वाटतच नाही. त्याला वाटतं, इकडचं तिकडच्या फाइलीत ओतायचं आहे. त्यानं दहा नावाची फाइल जन्माला घातली आणि काम झालं म्हणून "जास्त" सांगून मोकळा झाला. आकड्यांची तुलना करायची तर तिथं अक्षरं लागतात: जीटी म्हणजे मोठं, एलटी म्हणजे लहान, जीई म्हणजे मोठं किंवा बरोबर. मी ती फाइल पुसायला गेलो तर मामांनी माझा हात धरला. अशा फाइलींसाठी त्यांनी एक फोल्डर केला होता, नाव "अनाथाश्रम". आत दहा, पन्नास, शंभर, आणि कुणाची तरी एक अठ्ठेचाळीस.

"ही समदी तुमच्यासारख्यांची लेकरं," ते म्हणाले. "बाप वळख देत न्हाईत."

बरोबरीवर त्यांचा फार जीव. आमच्या प्लँटमध्ये एक पाटी होती, वजन वीस किलोपेक्षा जास्त असल्यास दोघांनी उचलावे, कमी असल्यास एकट्याने. मी ती त्यांना उदाहरण म्हणून सांगितली, तर मामा जेवता जेवता थांबले. "आन् नेमकं वीस भरलं तर?" मी म्हणालो, मामा, असं कोण मोजतंय. त्यांनी हात धुतले आणि पोस्टकार्ड काढलं. कंपनीच्या मॅनेजरसाहेबांस सविनय नमस्कार, नेमके वीस किलो असल्यास काय करावे, कळवावे. महिनाभर उत्तर आलं नाही. मग दुसरं कार्ड गेलं: उत्तर न आल्याने "दोघांनी उचलावे" असे धरून चालत आहोत. पुढं पाटी खरंच बदलली, वीस किंवा जास्त असल्यास दोघांनी. मामांच्या कार्डामुळं बदलली की आणखी कशानं, देव जाणे, पण त्या रविवारी आम्हाला शेवयांची खीर मिळाली.

या सगळ्याचं मूळ सिग्नलच्या कामात होतं. ते वहीवर दोन रूळ काढून दाखवायचे. "सिग्नल हिरवा व्हायला धा अटी लागत्यात. रूळ बदलायचा काटा बसला पायजे, काट्याला कुलूप पायजे, म्होरं गाडी नसली पायजे. लाल व्हायला एक बी अट लागत न्हाई. तार तुटली, लाल. लाइट गेली, लाल. उंदरानं कुरतडलं, लाल. कुनाला कायच कळंना झालं, तवाबी लाल." आमच्या स्क्रिप्टमध्ये "नाहीतर"च्या खाली काय असावं, तर लाल असावं. आधी सगळं ठीक असल्याची खात्री करायची, आणि जे उरेल ते धोक्याचं धरायचं. आम्ही सगळे नेमकं उलटं लिहायचो. धोका मोजायचो, आणि उरलेलं ठीक म्हणायचो. माणूस तसंच करतो, आळशी असतो. मामा पेन्सिलीनं काट मारायचे आणि पुन्हा लिहायला लावायचे.

दुसरं त्यांचं टुमणं रिकाम्याचं. आकडा आलाच नाही तर तो शून्य धरायचा नाही. "आधी आकडा हाय का बघ, मग ल्हान-मोठा बघ." हे ते इतक्यांदा म्हणायचे की आमच्यातला एकजण मागं त्यांची नक्कल करायचा.

हे फक्त स्क्रिप्टपुरतं नव्हतं. एकदा मी त्यांना घ्यायला चर्चला गेलो होतो, तर ते पाळकसाहेबांना दारातच अडवून उभे. "साहेब, प्रार्थनेला उत्तर आलं न्हाई, तर ते 'न्हाई' असं धरायचं, का उत्तर आलंच न्हाई असं धरायचं?" पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी विचारलं, "मामा, तुम्ही काय धरता?" "म्या कायबी धरत न्हाई. थांबतो." वाटेत मला म्हणाले, बायको आजारी होती तेव्हा हाच प्रश्न आधीच्या पाळकांना विचारला होता, त्यांनी "देवाची इच्छा" म्हणून सांगितलं. "त्याला कसं कळलं?" मामा म्हणाले. मी गाडी चालवत होतो, त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

भेटायचं ठरवतानाही तीच तऱ्हा. "उद्या येतो" हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. "उद्या ताप नसला आन् गाडी वेळेवर असली तर येतो, न्हाईतर आठाला फोन करतो. आन् फोनबी न्हाई आला तर तू मला बघाया ये." याची मी किती टिंगल केली आहे. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्यांचं एक रजिस्टर होतं, लाल कापडी पाठीचं. रेल्वेत ज्यानं तार जोडली त्यानं ती स्वतः तपासायची नसते. दुसऱ्यानं तपासायची आणि सही करायची. मामांनी तोच कायदा घरात लावला होता. आमची प्रत्येक स्क्रिप्ट, चार ओळींची का असेना, ते स्वतः चालवून बघायचे. मोठा आकडा देऊन, लहान देऊन, बरोबरीचा देऊन, आकड्याच्या जागी नाव देऊन, आणि शेवटी काहीच न देता. एवढ्यातून वाचली तर रजिस्टरमध्ये तारीख, नाव आणि सही. माझी पहिली सही व्हायला अकरा रविवार लागले. घरी जाऊन मी आईला सांगितलं, तिला वाटलं पगार वाढला.

दोन वर्षांनी मी काचेच्या पलीकडं गेलो. आयटी खोलीत, कायमचा. मामांना पेढे द्यायला गेलो तर त्यांनी डबीतला पेढा हातात घेतला, साखर आहे म्हणून माझ्याच तोंडात घातला, आणि मला दरवाजात उभं करून शेजारच्या काकूंना हाक मारली. "बघा वो, आमचा मानूस सायब झाला." त्यानंतर माझे रविवार कमी होत गेले. आधी कामामुळं, नंतर सवयीनं.

मामांना बरीच वर्षं मधुमेह होता, इन्सुलिन चालू होतं. मुलगा रोज सकाळी हैदराबादहून फोन करून विचारायचा, "बाबा, कसे आहात?" आणि रोज बापलेकांची जुंपायची. शेवटी मुलानं मला गळ घातली, काहीतरी कर. मी म्हणालो, सोपं आहे. मामांनी रोज सकाळी बोटाला टोचून साखर मोजायची, मशिनवर येईल तो आकडा तारखेसह त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या एका फाइलीत लिहायचा. नऊ वाजता माझी स्क्रिप्ट आपोआप उठेल, आजचा आकडा काढेल. सत्तरपेक्षा कमी असला तर मुलाला आणि मला "साखर कमी", तीनशेपेक्षा जास्त असला तर "साखर जास्त". नाहीतर "आज ठीक".

बघा, नाहीतर "आज ठीक". इतके रविवार घालवून मी शेवटी हेच लिहिलं. एका संध्याकाळी कंपनीतून दमून आलो होतो, अर्ध्या तासात उरकून टाकलं.

त्या रविवारी मी ती त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवली. मामांनी रजिस्टर काढलं, चष्मा लावला, पडद्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

"समदं तपासलंस?"

"व्हय, मामा."

"रिकामं देऊन?"

"व्हय."

मी तपासलं नव्हतं. खरं तर मला वाटलं, ते आता चालवून बघतीलच, तेव्हा काय निघेल ते दुरुस्त करू. पण मामांनी पेनाचं टोपण काढलं. "तू आता कंपनीचा मानूस. तुझं मी काय तपासू?" असं म्हणून त्यांनी न चालवताच सही केली. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचा कायदा एकदाच मोडला, तो माझ्या कौतुकापायी. मी तोंड उघडलं नाही. चहा पिऊन निघून आलो.

आठ महिने ते फार सुरळीत चाललं. मामांची एकही सकाळ चुकली नाही, त्यामुळं स्क्रिप्टमधलं भोक कुणाला दिसलंच नाही. मुलगा खूश होता. मामाही खूश होते, कारण आता त्यांना "कसे आहात" विचारत नव्हतं कुणी. मीही नाही.

शुक्रवारी नऊ वाजता माझ्या फोनवरही तो मेसेज आला. मी आयटी खोलीत प्रिंटरशी झटत होतो. "आज ठीक." वाचला आणि फोन खिशात ठेवला. संध्याकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं, आतून उत्तर नाही म्हणून काकूंना बोलावलं, कडी मोडली. मामा मोरीजवळ पडलेले होते. साखर मोजायचं मशीन ओट्यावर तसंच, डबीत बंद. डॉक्टर म्हणाले, साखर फार उतरली असावी, पडल्यावर काही तास जीव होता. लवकर सापडले असते तर, असं कुणीतरी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही.

मुलगा रात्रीच्या गाडीनं आला. शनिवारी दफन झालं. पाळकसाहेबांनी थोडक्यात आवरलं. माती देऊन झाल्यावर मुलानं मला मिठी मारली आणि म्हणाला, "तुझे उपकार आहेत रे. सकाळी साडेआठला मी सहज फोन केला होता, उचलला नाही. परत केला, तरी नाही. काळजात धस्स झालं. काकूंना फोन करून बघायला पाठवणारच होतो, तेवढ्यात तुझा मेसेज आला. नऊला ते ठीक होते, एवढं तरी समाधान."

मी "हो दादा" म्हणालो. दोन शब्द.

तिथून मी मामांच्या खोलीत गेलो. कॉम्प्युटर चालूच होता. आकड्यांच्या फाइलीत गुरुवारची ओळ शेवटची. शुक्रवारची ओळच नव्हती. मग मी ती फाइल उघडली जिथं शेल आपल्या तक्रारी लिहून ठेवतो, जी मी आठ महिन्यांत एकदाही उघडली नव्हती. शुक्रवार, सकाळी नऊ. तुलनेला एका बाजूला आकडाच नाही, असं त्यानं लिहिलं होतं. दोनदा लिहिलं होतं, कारण तुलना दोन होत्या. सत्तरपेक्षा कमी आहे का? कळत नाही. तीनशेपेक्षा जास्त आहे का? कळत नाही. आणि मी सांगून ठेवल्याप्रमाणं तो "नाहीतर"वर गेला. यंत्राची काही चूक नव्हती. त्यानं दोनदा ओरडून सांगितलं होतं, ते ऐकायला मी कुणाला ठेवलं नव्हतं.

मी मामांच्या खुर्चीवर बसून रडलो. लाज वाटत होती तरी रडलो. बाहेर काकू मुलासाठी जेवणाचं बघत होत्या, मध्येच येऊन पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. त्यांना वाटलं, किती माया होती पोराची.

नंतर वर्षभर मी स्वतःशी वकिली केली. सांगून मामा परत येणार आहेत का? मुलाला समाधान आहे, ते हिसकावून काय मिळणार? नोकरी करतो तिथं कळलं तर? हा शेवटचा प्रश्न मी मनात फार हळू विचारायचो. मुलाचा अधूनमधून फोन यायचा. दर वेळी तो कुठून तरी "नऊला ठीक होते" वर यायचा, आणि मी दर वेळी "हो दादा" म्हणायचो. पुढंपुढं मला त्याचे फोन नकोसे झाले. मामांच्या मुलाचा फोन मला नकोसा होतो, हे कळलं त्या दिवशी मी ठरवलं.

वर्षाच्या उपासनेला तो एकटाच आला होता. लोक पांगल्यावर आम्ही दोघं दफनभूमीत थांबलो. त्यानं मातीवर ठेवलेली शेवंती आमच्याच शेतातली होती, सकाळी मीच पाठवली होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. "दादा, त्या शुक्रवारी मामांनी आकडा टाकलाच नव्हता. मेसेज माझ्या स्क्रिप्टनं पाठवला. आकडा नसला तर काय करायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. मामांनी विचारलं होतं, मी तपासलंय म्हणून खोटं सांगितलं."

त्याला समजायला वेळ लागला. तो या धंद्यातला नाही. दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं. मग तो सावकाश म्हणाला, "म्हणजे नऊला ते ठीक नव्हते."

"नाही."

"साडेआठलाही नव्हते."

"नसावेत."

मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. पण तो माझ्याकडं बघतही नव्हता. मातीकडं बघत होता, आणि त्याचा चेहरा असा झाला, जणू त्याला काहीतरी अगदी जवळून दिसतंय.

"मी दोनदा फोन केला," तो म्हणाला. "पुरी रिंग होईपर्यंत. फोन त्यांच्या उशाशी असायचा, मोरीपासून चार पावलांवर. डॉक्टर म्हणाले ना, काही तास जीव होता. त्यांना ऐकू येत असेल का रे?"

"नाही" हा शब्द माझ्या ओठांवर आला. तो त्याला देऊन टाकावा, निदान तेवढं घेऊन तो हैदराबादला जाईल, असं फार वाटलं. जन्मात कुणाला काही द्यावंसं इतकं वाटलं नव्हतं.

"माहीत नाही, दादा," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. मग त्यानं तेच पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.